रुमालाखालचा भाव

आटपाडी तालुक्यातील खरसुंडीची पौषी यात्रा खिलार जनावरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. जनावरांच्या बाजारात सौदा पूर्वापार रुमालाखाली, बोटांच्या खुणांनी होत आला. शेजारच्या दावणीला काय भाव फुटला, हे नवख्याला कळत नाही. म्हणून जाणता गिऱ्हाईक आधी चार दावणी फिरतो, दात पाहतो, मगच हात पुढे करतो.

नवी स्पोर्ट्स कार घेतानाही असाच रुमाल असतो. ‘ऑन-रोड’ या एका आकड्याखाली अनेक आकडे झाकलेले असतात. त्यांतला जीएसटी व नोंदणी कर सरकारी. तिथे घासाघीस नाही. १० लाखांवरील गाडीवरचा १ टक्का टीसीएस आयकरात वळता होतो. घासाघीस करायची ती विक्रेत्याची सूट, ॲक्सेसरीज आणि हाताळणी शुल्क यांवर. विमा बाहेरून घेण्याची मुभा ग्राहकाला असते.

बयाणा देण्यापूर्वी दोन-तीन शोरूममधून कलमवार लेखी दरपत्रक घ्यावे. जुन्या गाडीचा सौदा वेगळा ठेवावा. नाहीतर इकडे दिलेली सूट तिकडे वसूल होते. बोलणी हप्त्यावर नव्हे, एकूण रकमेवर करावीत. मुदत वाढवली की हप्ता लहान दिसतो, पण व्याज वाढत जाते.