रात्रीच्या खेपेची गाणी
(लेखमाला : आवाजाचा मुलूख, भाग 6)

मागच्या भागात आपण हलगीपासून बेंजो पार्टीपर्यंत आणि तिथून डीजेच्या स्पीकरांच्या भिंतीपर्यंत आलो. बीड जिल्ह्यात डीजेचा विषय निघाला की बोलणं डेसिबलवर सुरू होतं आणि डेसिबलवरच संपतं. त्यात गैर काही नाही. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागाला दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घालून दिलीय, आणि मिरवणुकीतली भिंत तिला जुमानत नाही. पण भिंतीसाठी 'साउंड चेक' आणि 'हलगी मिक्स' बनवणारी पोरं त्याच लॅपटॉपवर आणखीही काही बनवतात. संथ लयीचं, तासभर न थांबता चालणारं, एकट्यानं ऐकायचं मिक्स. त्याला कुणी 'लोफाय' म्हणतं, कुणी नुसतं 'स्लो'. ते मिरवणुकीत वाजत नाही, म्हणून त्याची बातमी होत नाही. आजचा भाग त्याचाच आहे, कारण माझ्या मते या पोरांची खरी कारागिरी इथं दिसते.

संथ मिक्स अवघड का, ते आधी हिशेबानं पाहू. लय मोजायची ती मिनिटाला किती ठोके, अशी. नाचाचं रिमिक्स साधारण 125 ते 130 ठोक्यांचं असतं, संथ मिक्स 80-90 च्या आसपास. एका गाण्यातून दुसऱ्यात शिरायला डीजे बहुधा चार-चार ठोक्यांची सोळा आवर्तनं घेतो, म्हणजे 64 ठोके. 128 च्या लयीत ते अर्ध्या मिनिटात संपतात. 80 च्या लयीत 48 सेकंद लागतात. एवढा वेळ दोन गाणी एकमेकांवर चालतात आणि दोन ठोक्यांमध्ये मोकळी जागा भरपूर असते. जलद लयीत किंचित चुकलेला सांधा दणक्यात बुडून जातो, इथं तो उघडा पडतो.

माजलगावात एका मोबाईलच्या दुकानात हा सांधा जोडताना मी पाहिला. पोरानं हलगीचा चार ठोक्यांचा तुकडा घेऊन त्याची लय 84 वर उतरवली आणि तो फिरता ठेवला. वर एक जुनं गाणं. दुसरं गाणं आणताना त्यानं आधी त्याचा खर्ज पूर्ण कापला, नुसता आवाज आणि झांज आत येऊ दिली. मग पहिल्याचा खर्ज हळूहळू काढत दुसऱ्याचा सोडला. दोन्ही खर्ज एकदम राहिले तर गढूळ होतं, एवढंच तो म्हणाला. हेडफोनचा एक कान डोक्यामागं सरकवलेला, समोर गिऱ्हाईक स्क्रीनगार्ड मागत उभं, आणि याचं लक्ष त्या पाऊण मिनिटावर.

लय उतरवण्याचे मार्ग दोन. पूर्वी टेपच हळू फिरवायची. टेप 80 टक्के वेगानं फिरली की आवाजही जवळजवळ चार अर्धस्वर खाली येतो. काळी पाचमधलं गाणं काळी तीनच्या आसपास उतरतं आणि गायिकेचा गळा भारी, झोपाळलेला वाटू लागतो. सॉफ्टवेअरमध्ये पट्टी न हलवता नुसती लय कमी करता येते. तरीही पुष्कळ पोरं मुद्दाम पट्टी उतरू देतात. त्यावर थोडा घुमारा चढवायचा, वरची धार काढून टाकायची, झाला 'स्लो अँड रिव्हर्ब'.

या तऱ्हेचं मूळ अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात आहे. तिथं 1990 च्या दशकात डीजे स्क्रू नावाच्या तरुणानं गाणी अशीच हळू करून कॅसेटींवर भरली आणि घराच्या दारातून विकली. त्याचे वडील ट्रकचालक होते. त्या कॅसेटी गाजल्या त्या मोटारींतून, रात्री सावकाश फिरणाऱ्यांच्या टेपवर. 2000 साली, वयाची तिशीही गाठली नव्हती, तेव्हा तो गेला.

आपल्या शेजारी गोव्यात, हणजुणेच्या किनाऱ्यावर, 1980 च्या दशकात डीजे ग्रामोफोनच्या तबकड्यांऐवजी कॅसेटीच वाजवत. उन्हानं तबकडी वाकते हे एक साधं कारण. गाण्यातले शब्द कापून नुसता ठेका ठेवलेल्या टेपा तिथं हातोहात फिरत.

आणि आपल्याकडे? चाळिशी ओलांडलेल्या वाचकाला तालुक्याच्या गावची कॅसेट भरून देणारी दुकानं आठवतील. कागदावर यादी लिहून द्यायची, साठची की नव्वदची ते सांगायचं आणि दोन दिवसांनी जायचं. नव्वदच्या कॅसेटला एका बाजूला 45 मिनिटं. शेवटी जागा उरली तर दुकानदार आपल्या मनानं एखादं गाणं भरी, आणि त्या एका गाण्यावरून त्याची पारख कळे. पुढं तीच दुकानं मेमरी कार्ड भरून देऊ लागली. आता पेनड्राइव्ह.

पेनड्राइव्ह जातो ट्रॅक्टरवर. दसरा झाला की जिल्ह्यातले कोयते, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या जोड्या, मुकादमाच्या उचलीवर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर रात्रभर सावकाश चालतो, आणि कारखान्यावर पोचला तरी काट्यावर नंबर लागेपर्यंत तासन् तास उभा राहतो. भजन असो, गोंधळ असो, हलगी असो, आपल्या बहुतेक संगीताला लय चढवत नेण्याची ओढ आहे. रात्रीच्या खेपेला ती ओढ नकोशी होते. तिथं न चढणारी लय लागते. शिवाय मोठ्या आवाजात मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू येत नाही आणि त्यानं जीव जातात. हळू आवाजातलं संथ मिक्स यासाठीही बरं.

हे सगळं चोरीछुपे चालतं, त्याला कारण कायदा. मूळ ध्वनिमुद्रण वापरायचं तर हक्कदाराची परवानगी हवी, आणि ती मागायला हे पोरगं कुणाकडे जाणार? यूट्यूबवर टाकलं तर दावा लागून उतरू शकतं. म्हणून फाईल पेनड्राइव्हवरून पेनड्राइव्हवर जाते. करणाऱ्याची खूण एवढीच, मध्येच घुमणारं 'डीजे अमुक इन द मिक्स'. पुन्हा पुन्हा एमपीथ्री करताना आवाज झिजतो, आणि नवा हंगाम आला की जुना पेनड्राइव्ह फॉरमॅट होतो.

डीजे स्क्रूच्या संग्रहातल्या ग्रामोफोनच्या तबकड्या आज ह्यूस्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयात अभ्यासकांसाठी जपून ठेवलेल्या आहेत. आपल्याकडे अंबाजोगाईसारख्या जुन्या विद्येच्या गावात महाविद्यालयं आहेत, संगीताचे विद्यार्थी आहेत. त्यांनी एका हंगामाचे पेनड्राइव्ह जरी उतरवून घेतले, प्रत्येक फाईलसोबत साल, गाव, कोणत्या ट्रॅक्टरवर वाजलं आणि त्यातला ठेका हलगीचा की संबळाचा एवढं टिपलं, तर पुढच्या माणसाला काम करता येईल. फाईल मिळेल तशी उतरवा, दुरुस्त करायला जाऊ नका. झिजलेला आवाजही ती किती वेळा नव्यानं एमपीथ्री झाली याचा अंदाज देतो.

पुढच्या आठवड्यात : गोंधळ्याचा संबळ लॅपटॉपमध्ये कसा शिरला.