गाडीच्या घरघरीचा तपास

पैनगंगेकाठच्या आमच्या उमरखेड तालुक्यात, जिथे पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल गाडीच्या तळाशी सर्वत्र संचार करतो, तिथे बोलेरोसारख्या मागील चाकांना गती देणाऱ्या वाहनातून अपरिचित ध्वनी येऊ लागला, तर तो कोणत्या प्रसंगी उपजतो व कोणत्या प्रसंगी मावळतो याची तपशीलवार जबानी आधी घ्यावी आणि पाना मागाहून उचलावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

गाडी न्यूट्रलमध्ये उभी असता येणारी घरघर क्लच दाबताच थांबली, तर संशय गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेरिंगवर. क्लच दाबल्यावरच ती उद्भवली, तर रिलीज बेरिंगवर. गाडी जागेवरून हलताना ‘ठक्’ असा आघात झाल्यास, इंजिन बंद करून व चाकांना दगड लावून (हे सांगणे न लगे!) प्रोपेलर शाफ्ट हाताने फिरवून त्याच्या सांध्यांतील क्रॉसची ढिलाई पाहावी, कारण चिखलपाण्याने त्यातील ग्रीस नष्ट होते; क्रॉस निर्दोष निघाले, तर डिफरन्शिअलच्या क्राऊन-पिनियनकडे वळावे. ॲक्सिलरेटर दाबता-सोडता सूर पालटणारी शीळही बहुधा तिथलीच. मात्र प्रथम तेलाची पातळी तपासावी.

वेगानुसार वाढणारा, परंतु गिअर बदलूनही तसाच राहणारा हुंकार बहुधा चाकाच्या बेरिंगचा असतो, आणि डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर जात असल्याने, तेव्हा तो वाढला तर दोषी उजवे बेरिंग समजावे. असमान झिजलेला टायरही हुबेहूब असेच घुमतो; डांबरावरून काँक्रीटवर येताच सूर बदलला, तर बेरिंगचा खर्च वाचला.