कॅन्सरनंतरची साधी सर्दी

केमोथेरपी सुरू असताना रुग्णाला आणि घरच्यांना एक नियम घोकून घोकून शिकवला जातो. ताप 100.4 फॅरनहाइटला पोचला की सकाळची वाट बघायची नाही, पॅरासिटामॉल घेऊन झोपायचं नाही, थेट हॉस्पिटल गाठायचं. नियम अगदी बरोबर आहे. केमो दिल्यानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास रक्तातल्या पांढऱ्या पेशी तळ गाठतात. त्या काळात किरकोळ वाटणारा जंतुसंसर्गही काही तासांत जिवावर बेतू शकतो. म्हणून घरात डिजिटल थर्मामीटर येतो, उशाशी राहतो, अंग जरा कोमट लागलं तरी काखेत जातो.

मग उपचार संपतात. शेवटच्या केमोनंतर काही आठवड्यांत बहुतेकांच्या पेशी पूर्वपदावर येतात. रक्ताचा कॅन्सर, बोन मॅरो ट्रान्सप्लांट किंवा प्लीहा काढून टाकलेली असणं, अशा काही परिस्थितींत जास्त काळ जपावं लागतं; बाकीच्यांचा ताप पुन्हा चारचौघांसारखा ताप होतो. पण तो नियम आता संपला, हे सांगायचं बहुतेक वेळा राहून जातं. जुलै महिन्यात अख्ख्या घराला सर्दी होते. बाकीचे आल्याचा चहा घेऊन कामाला लागतात आणि जिचे उपचार झालेत ती मध्यरात्री जुनी फाइल उघडून बसते. खोकला म्हणजे फुफ्फुसात गेलं असेल. पाठ दुखते म्हणजे हाडात. डोकं दुखतं म्हणजे मेंदूत. मन चिंती ते वैरी न चिंती, असं आपल्याकडे म्हणतात ते इथे शब्दशः खरं होतं.

ही भीती म्हणजे खूळ नव्हे. अनेक देशांतल्या अभ्यासांची माहिती 2022 मध्ये एकत्र करून तपासली गेली, तेव्हा साधारण पाचपैकी एका रुग्णाला आजार उलटण्याची भीती इतकी तीव्र आढळली की त्यासाठी तज्ज्ञाची मदत लागावी. सौम्य भीती तर निम्म्याहून अधिक लोकांना होती. एकदा शरीराने दगा दिला आहे. पहिल्या वेळीही गाठ दुखत नव्हती, थकवा साधाच वाटत होता, आणि ‘काही नसेल’ असंच सगळे म्हणाले होते. त्या अनुभवानंतर माणूस सावध होणार नाही तर काय?

त्यात गोंधळ वाढवणारी गोष्ट अशी, की उपचारांनी शरीर खरोखरच बदललेलं असतं. कराडच्या माझ्या परिचयातल्या एका निवृत्त शिक्षिकांचं उदाहरण देते. स्तनाच्या कॅन्सरचे उपचार संपले, रोजची लेट्रोझोलची गोळी सुरू झाली. काही महिन्यांनी सकाळी उठताना दोन्ही गुडघे, मनगटं आखडू लागली. पोळ्या लाटताना बोटं वळेनात. हाडांत पसरला, अशी त्यांची खात्रीच झाली. घरात त्या कोणाला बोलल्या नाहीत. देवघरासमोर बसायचं सोडून खुर्चीत बसू लागल्या, तेव्हा सुनेच्या लक्षात आलं. ही सांधेदुखी लेट्रोझोल, अॅनास्ट्रोझोल या गोळ्यांचा ठाऊक असलेला परिणाम आहे; निम्म्याच्या आसपास बायकांना तो कमी-अधिक जाणवतो. व्यायामाने कमी होतो, गोळी बदलून बघता येते. मनाने मात्र गोळी बंद करायची नाही. हे त्यांना गोळी सुरू करतानाच कोणी सांगितलं असतं, तर मधले महिने असे गेले नसते.

अशी उदाहरणं कितीतरी आहेत. पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधानंतर तळपायाला मुंग्या महिनोन्‌महिने राहू शकतात. तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरसाठी मानेला रेडिएशनचा शेक दिलेला असेल तर काही वर्षांत थायरॉइड मंदावू शकते. गळून गेल्यासारखं वाटतं, वजन वाढतं. एका साध्या टीएसएच तपासणीत ते कळतं आणि गोळीने सुधारतं.

मग ओळखायचं कसं? बहुतेक वेळा उत्तर काळ देतो. साधं दुखणं येतं, वाढतं आणि ओसरतं. घसा बसल्यावर जबड्याखाली आलेली गाठ दुखरी, हलणारी असते आणि दोन-तीन आठवड्यांत विरू लागते. पण ती रोज दाबून बघितली तर दाबण्यानेच दुखत राहते, आणि हे दाबून बघणं बहुतेक सगळेच करतात. दोन-तीन आठवड्यांत न हटणारा खोकला, तेवढ्या काळात न भरलेला तोंडातला व्रण, वाढत जाणारी कडक गाठ, एकाच जागी ठाण मांडून बसलेलं आणि रात्री झोपेतून उठवणारं हाडाचं दुखणं, कारण नसताना घटणारं वजन, हे डॉक्टरांना दाखवायलाच हवं. रक्त पडलं, कावीळ दिसली किंवा सकाळी डोकेदुखीबरोबर उलट्या होऊ लागल्या, तर आठवडे मोजायचे नाहीत. धाप लागली, अचानक पायांतली शक्ती गेली, लघवीवरचा ताबा गेला, स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेनची गोळी घेताना एकाच पायाची पोटरी सुजली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल.

‘एवढी काळजी वाटते तर एक पेट स्कॅन करून टाका ना!’ हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. माझं मत याच्या विरुद्ध आहे. इटलीत स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांवर झालेले दोन मोठे अभ्यास 1994 मध्ये प्रसिद्ध झाले. लक्षणं नसतानाही वारंवार बोन स्कॅन आणि छातीचे एक्स-रे काढलेल्या बायका, साध्या तपासणी आणि मॅमोग्राफीवर राहिलेल्या बायकांपेक्षा जास्त जगल्या नाहीत. अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये रक्ततपासणीत नुसतं सीए-125 वाढलं म्हणून लगेच केमो सुरू करूनही आयुष्य वाढलं नाही, हे 2010 मध्ये दिसलं. प्रत्येक कॅन्सरचं गणित वेगळं. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरनंतर सीईए ही रक्ततपासणी ठरावीक काळाने करतातच. म्हणून वेळापत्रक आपल्या डॉक्टरांचं पाळावं, शेजारणीचं नाही. आणि आपल्या देशात आणखी एक धोका आहे. पेट स्कॅनमध्ये क्षयाच्या गाठीही कॅन्सरसारख्याच उजळून दिसतात. उगाच काढलेल्या स्कॅनमध्ये जुना टीबी चमकतो, मग बायोप्सी, मग रिपोर्ट येईपर्यंत सगळ्या घराचा जीव टांगणीला. रिपोर्ट चांगला आला तरी त्याचा दिलासा फार दिवस टिकत नाही. पुढच्या खोकल्याला प्रश्न परत तोच.

या भीतीची दुसरी बाजूही असते आणि ती मला जास्त घातक वाटते. काही माणसं घाबरून तपासायलाच जात नाहीत. फॉलोअपची तारीख जवळ आली की लग्न निघतं, शेतीचं काम निघतं. तोंडाच्या कॅन्सरमध्ये आजार उलटला तर बहुधा पहिल्या दोन वर्षांतच उलटतो, म्हणून तेव्हा तपासण्या महिन्या-दोन महिन्यांवर ठेवलेल्या असतात. नेमक्या त्याच चुकवल्या जातात.

गावातल्या फॅमिली डॉक्टरांची इथे फार गरज आहे. फाइलवर कॅन्सर दिसला की शिंक आली तरी ‘टाटाला दाखवा’ म्हणून परत पाठवलेले रुग्ण मी पाहिले आहेत. त्याऐवजी ‘काकू, पाच दिवस हे औषध घ्या, पुढच्या सोमवारी मला दाखवा, खोकला नाही थांबला तर एक्स-रे काढू’ एवढं म्हटलं तरी त्या सोमवारपर्यंत झोप लागते. घरच्यांनीही ‘नको ते विचार करू नकोस’ म्हणून विषय संपवू नये. कशाची भीती वाटते ते विचारावं, लक्षण कधी सुरू झालं ते कॅलेंडरवर लिहून ठेवावं, सोबत जावं. तरीही भीतीने झोप उडाली, काम सुटलं, तर समुपदेशकाकडे जाण्यात कमीपणा नाही. ऑस्ट्रेलियात खास या भीतीसाठी आखलेल्या थोड्या बैठकांनी ती कमी झाल्याचं 2017 च्या अभ्यासात दिसलं. आपल्याकडे सरकारची टेली मानस सेवा 14416 या क्रमांकावर मोफत मिळते, मराठीतही बोलता येतं.

आणि कॅन्सरच्या डॉक्टरांना एक विनंती. ओपीडीत तुम्हाला श्वास घ्यायला फुरसत नसते, हे आम्ही पाहतो. तरी उपचार संपतील त्या दिवशी फाइलच्या शेवटच्या पानावर मराठीत चार ओळी लिहून द्या: तापाचा नियम कधी संपला, कोणती दुखणी औषधांमुळे होतील, कशासाठी थांबायचं आणि किती दिवस, कशासाठी लगेच यायचं.