तारखेवर फुली, वहीत ठिपके

गटाच्या बैठकीत आता आपण पाळीबद्दल बोलायला लागलोय. पॅड, कापड, पोटदुखी, अंगावरून जास्त जाणं, यावर बोलताना पूर्वीसारखं कुणी पदराआड हसत नाही. पण पाळी यायच्या आधी मनाचं जे होतं, त्यावर मात्र सगळ्या गप्प. कारण ते दुखणं आहे असं आपल्याला वाटतच नाही. वाटतं, आपला स्वभावच वाईट.

आठवून बघा. महिन्यातले काही दिवस असे येतात की उठल्यापासूनच डोकं तापलेलं असतं. भाकरी थापताना पोरगं मध्ये आलं की हात उठतो. सासूबाई रोजचंच काही बोलल्या तरी काळजाला लागतं. रडू येतं, पण कशाचं ते सांगता येत नाही. गटाच्या हिशोबात दहा रुपये कमी भरले म्हणून सगळ्यांसमोर सचिवताईंशी भांडण होतं. मग पाळी येते, दोन-तीन दिवसांत सगळं निवळतं आणि आपल्यालाच कोड्यात पडायला होतं, आपण असं का वागलो? पुढच्या महिन्यात परत तेच.

पाळीआधी थोडी चिडचिड, छाती जड होणं, पोट फुगणं हे पुष्कळ जणींना होतं आणि निभावूनही जातं. पण शंभरात साधारण दोन ते आठ जणींना हा त्रास इतका होतो, की घर, काम, नाती सगळंच विस्कटतं. दहा गटांचा ग्रामसंघ धरला तर त्यात अशा दोन-चार जणी सहज निघतील. डॉक्टर याला पीएमडीडी म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची जी यादी २०२२ पासून लागू झाली, त्यात या आजाराचं नाव आहे. म्हणजे हे नाटक नाही, बाहेरचं काही नाही आणि माहेरच्या वळणाचा दोष तर मुळीच नाही.

होतं काय, तर पाळीच्या साधारण दोन आठवडे आधी बीजकोशातून बीज सुटतं. त्यानंतर शरीरातली संप्रेरकं, म्हणजे हार्मोन्स, वाढतात आणि पाळी जवळ आली की झपकन उतरतात. हे सगळ्याच बायकांत होतं. पीएमडीडी असलेल्या बाईची हार्मोन्स बहुधा जास्तही नसतात आणि कमीही नसतात. तिच्या मेंदूला तो चढउतार सोसत नाही, एवढाच फरक. म्हणून रक्त तपासलं तर रिपोर्ट नॉर्मल येतो आणि घरातले म्हणतात, बघा, काही झालेलं नाही. या आजाराची रक्ततपासणीच नाही. तो सापडतो वहीत.

आणि वही ठेवायला आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही! भिंतीवरच्या कॅलेंडरवर आपण दुधाचा खाडा लिहितो, सिलिंडर कधी लावला ते लिहितो. तसंच करायचं. पाळी सुरू झाली त्या तारखेवर फुली. आणि रोज रात्री झोपण्याआधी एका छोट्या वहीत त्या दिवसाच्या चार गोष्टी मांडायच्या: राग, रडू, जीवाची घालमेल आणि झोप. बरं गेलं तर काही नाही, थोडा त्रास झाला तर एक ठिपका, बराच झाला तर दोन, असह्य झालं तर तीन. अक्षरओळख नसली तरी ठिपके काढता येतात. मात्र ज्या त्या दिवशीच काढा. आठवड्याभराचं एकदम आठवून मांडलं की ते खरं उतरत नाही, हे गटाचं दप्तर लिहिणाऱ्या प्रत्येकीला माहीत आहे.

असं निदान दोन पाळ्या तरी करा. मग वही उघडून बघा. ठिपके फुलीच्या आधीच्या आठ-दहा दिवसांत दाटलेले आणि फुलीनंतर विरळ होत गेलेले, मधला आठवडा कोरा, असं दिसलं तर त्रास पाळीशी बांधलेला आहे. ठिपके महिनाभर सारखेच असतील तर गोष्ट वेगळी. मग नैराश्य असेल, थायरॉईड असेल, रक्त कमी असेल किंवा घरात रोजचा जाच असेल. त्यावरचा उपायही वेगळा.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. बाई चिडली की ‘हिची तारीख जवळ आली वाटतं’ असा शेरा मारायची सवय घराघरांत आहे, आणि खरं सांगायचं तर आपल्या गटांतही आहे. पाळीआधी आलेला राग खोटाच असतो असं नाही. नवरा दारू पिऊन पैसे उडवतो, हे पंधराव्या दिवशीही खरं असतं आणि पंचविसाव्या दिवशीही. फरक एवढाच की पंधराव्या दिवशी आपण ते गिळतो. म्हणून त्या दिवसांत जे बोलावंसं वाटतं ते वहीच्या मागच्या पानावर उतरवून ठेवा किंवा भरवशाच्या मैत्रिणीला सांगून ठेवा. पाळी गेल्यावर परत बघा. तेव्हाही ते पटलं तर बोला, शांतपणे आणि ठाम बोला.

तारखा कळल्या की थोडी आखणी करता येते. कर्जाचा मोठा निर्णय, सोयरिकीची बोलणी, कुणाशी जुना हिशोब मिटवणं, जमत असेल तर चार दिवस पुढे ढकला. त्या दिवसांत जागरण सोसत नाही. चहा कमी, दुपारनंतर तर नकोच. उपाशी राहून काम ओढू नका, थोडं थोडं खा. कॅल्शियमने काही जणींना फरक पडतो. नाचणी, तीळ, दूध, ताक जेवणात असू द्या. अर्धा तास भरभर चालल्यानेही हलकं वाटतं. रानात जाण्यायेण्यात चालणं होतंच की, असं म्हणाल, पण डोक्यावर भारा घेऊन चालणं वेगळं. आणि हात उठायला लागला की तवा खाली उतरवा, अंगणात जा, तोंडावर पाणी मारा. भाकरी दोन मिनिटं थांबते.

एवढं करूनही ठिपके तेवढेच राहिले तर दवाखाना. पीएमडीडीवर खात्रीची औषधं आहेत. उदासीवर जी गोळी देतात, तीच यात उपयोगी पडते. या आजारात तिचा गुण काही दिवसांतच दिसू शकतो आणि काही जणींना ती पाळीआधीच्या पंधरवड्यापुरतीच घ्यावी लागते. ती झोपेची गोळी नाही, नशेचीही नाही. पाळणा लांबवायच्या काही गोळ्यांचाही काहींना फायदा होतो. पण कुणाला काय, हे डॉक्टरच ठरवतील. शेजारणीची पट्टी उसनी घेऊ नका. सणावाराला पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणता, त्यांनीही काहींचं मन बिघडतं. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचा विभाग असतो, तिथे जाताना वही सोबत न्या. डॉक्टरांकडे वेळ थोडा असतो आणि आपल्याला बोलायला सुचत नाही. वही दोन्ही भागवते.

‘पिशवीच काढून टाका, कटकट नको’ असं कुणी म्हणालं तर घाई करू नका. ऊसतोडीला जाणाऱ्या बीडच्या किती बायकांनी तरुण वयात पिशव्या गमावल्या, हे आपण जाणतो. २०१९ मध्ये सरकारला त्यासाठी चौकशी समिती नेमावी लागली. पिशवी काढली तरी बीजकोश जागेवरच असले तर त्यांचं चक्र चालूच राहतं. पाळी दिसत नाही, पण मनाचा त्रास दर महिन्याला येतच राहतो. खर्च झाला, टाके पडले आणि दुखणं तिथंच.

आता सगळ्यात गंभीर. त्या दिवसांत ‘जगून काय करू’ असे विचार काही जणींना खरोखर येतात. विहिरीकडे पाय ओढतात, फवारणीच्या औषधाचा डबा दिसतो. असं झालं तर वही, ठिपके काही बघत बसू नका. लगेच कुणाला तरी सांगा आणि एकट्या राहू नका. १४४१६ हा टेली मानसचा सरकारी नंबर आहे. फोन फुकट लागतो, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. घरात फवारणीचं औषध असेल तर ते कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. मैत्रिणीने असं काही बोलून दाखवलं तर ‘वेडी आहेस का’ म्हणू नका. जवळ बसा, सोबत दवाखान्यात चला.

पुढच्या महिन्याच्या बैठकीत आरोग्याचा विषय निघेल तेव्हा हा लेख मोठ्याने वाचा. वह्या मात्र कुणी कुणाच्या मागायच्या नाहीत. ते गटाचं दप्तर नाही. दाखवायची की नाही, हे जिची वही तिने ठरवायचं.