घरचं पाठबळ : निरंक

वीकेंडला एफसी रोडवर कॉफी पिताना ‘आमचे कॉलेजचे दिवस’ हा विषय निघाला, की ग्रुपमधला एखादा हळूच गप्प होतो. कारण त्याने कट्टा फारसा पाहिलेलाच नसतो. सकाळी लेक्चर, दुपारी ट्यूशन्स, रात्री कॉल सेंटर! फी, कॉट बेसिसचं भाडं आणि मेसचं बिल ज्याचं त्यालाच भरायचं असलं, की टाइमपासला वेळ कुठून आणणार?

मीही त्यातलीच. २०१८ मध्ये लातूरहून पुण्याला मास कम्युनिकेशन करायला निघाले, तेव्हा बाबांनी स्पष्ट सांगितलं, ‘बी.एड. कर, खर्च माझा. पत्रकारितेला एक रुपया मिळणार नाही.’ बाबा नोकरदार. त्यामुळे सवलतीच्या प्रत्येक फॉर्मवर मी सुखवस्तू घरातली मुलगी! त्यांचा पगार माझ्या उत्पन्नाच्या दाखल्यावर होता, माझ्या खिशात नव्हता.

सही कुणाची?

खरा लोचा इथेच आहे. विद्यार्थी म्हटलं की त्याच्यामागे घर असणारच, असं आपली सगळी सिस्टिम धरून चालते. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. कोर्स संपेपर्यंत आणि पुढे वर्षभर हप्त्याचं टेन्शनही नाही. एकदम झकास! पण सहकर्जदार म्हणून आई किंवा वडिलांची सही हवी. लग्न झालं असेल तर जोडीदाराची चालते. मला एका बँकेत ‘वडिलांना घेऊन या’ एवढंच उत्तर मिळालं. वडील येणार असते, तर मी बँकेत कशाला गेले असते?

माझ्या एका मित्राचं दुखणं वेगळं. वडील लहानपणीच गेलेले, शेती एकत्र, सातबारा काकांच्या कपाटात. कागदावर तो जमीनदार आणि मेसमध्ये मात्र महिन्याच्या २० तारखेनंतर एकवेळचा मेंबर.

योजना नाहीत असं नाही. ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना राज्य सरकारने २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण फी माफ केली. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने ‘पीएम विद्यालक्ष्मी’ मंजूर केली. त्यात निवडक नामवंत संस्थांसाठी विनातारण, विनाजामीन कर्ज मिळतं. गरीब घरांना हा मोठाच आधार आहे. पण इथेही सवलतीसाठी उत्पन्न बघतात ते कुटुंबाचं. ‘घर आहे, पण पाठीशी नाही’ असा रकानाच कुठे नाही.

कर्मवीरांचा फंडा

हा रकाना महाराष्ट्रात एका माणसाने फार आधी ओळखला होता. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्याच्या बोर्डिंगमधल्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. ‘कमवा आणि शिका’ ही त्यांचीच देणगी. घरून काय येतं, यापेक्षा तू किती राबायला तयार आहेस, हे तिथे बघितलं जायचं.

पुणे विद्यापीठाची आणि तिच्याशी संलग्न कॉलेजांची ‘कमवा आणि शिका’ योजना आजही चालू आहे. लायब्ररीत पुस्तकं लावा, ऑफिसात फायली सांभाळा, बागेत काम करा आणि तासावर मानधन घ्या. त्यात फी सुटत नाही. मेसचं बिल थोडंफार हलकं होतं. राहण्यासाठी विद्यार्थी साहाय्यक समितीसारखी वसतिगृहं आहेत. डॉ. अच्युतराव आपट्यांनी १९५५ मध्ये सुरू केलेल्या या समितीने खेड्यातल्या मुलामुलींना पुण्यात पाय रोवायला जागा दिली. नोकरी सोडणं शक्यच नसेल, तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहेच.

माझी फी कॉलेजने चार हप्त्यांत घेतली. त्यासाठी एक साधा अर्ज पुरला. हे विचारता येतं, हेच अनेकांना माहीत नसतं.

आता आपली पाळी

तुमच्या ऑफिसातसुद्धा असा एखादा ट्रेनी असेल. पार्टीला ‘आज नको’ म्हणणारा, कॅब चुकली तर चालत जाणारा. त्याला उपदेश नको आणि दयाही नको. त्याची परीक्षा कधी आहे तेवढं विचारा, आणि त्या आठवड्यात त्याची नाइट शिफ्ट तुम्ही घ्या. माझं शेवटचं सेमिस्टर अशाच कुणीतरी घेतलेल्या सहा शिफ्ट्समुळे पार पडलं.