डीएनए खांबाला अडकतो तेव्हा!

दोस्तांनो, साखळी-साखळी खेळलाय ना? समजा, दहा जण हात धरून पळत सुटले. आणि समोर आला खो-खोचा खांब! चौघे डावीकडून गेले, सहा जण उजवीकडून. हात तर सोडायचे नाहीत. अडकली की साखळी!

ओळखा पाहू, आता काय होणार? सहा जणांचा जोर जास्त! ते पुढे ओढणार. डावीकडचे चौघे एकेक करून खांबाला वळसा घालणार. आणि साखळी सुटणार!

डीएनएचंही अगदी असंच होतं!

पुष्कळ छोटे रेणू एकापुढे एक जोडले, की लांबच लांब साखळी होते. तिचं नाव पॉलिमर. प्लास्टिकची पिशवी पॉलिमरची, आणि आपल्या पेशींमधला डीएनएसुद्धा पॉलिमरच! जिवाणूंना छळणारा लॅम्डा नावाचा एक विषाणू आहे. त्याच्या डीएनएच्या दुहेरी साखळीत अशा छोट्या रेणूंच्या ४८,५०२ जोड्या असतात. आणि एवढी साखळी सरळ ताणली तर किती लांब भरेल? एका मिलिमीटरचा जेमतेम साठावा भाग!

मग एवढ्याशा डीएनएची खांबाशी टक्कर दिसते कशी? डीएनएला चमकणारा रंग लावतात आणि सूक्ष्मदर्शकातून बघतात. १९९२ साली अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात वोल्कमथ आणि ऑस्टिन यांनी सिलिकॉनच्या चकतीवर इवल्याइवल्या खांबांचं अख्खं रान तयार केलं. त्यात डीएनए सोडला आणि वीज लावली. डीएनएवर ऋण विद्युतभार असतो, म्हणून तो धन टोकाकडे निघतो. वाटेत खांब आला, की दोन्ही बाजूंनी लोंबकळतो. मग लांब बाजू जिंकते आणि तो सुळ्ळकन सुटतो!

आणि खांब दाटीवाटीनं उभे असतील तर? मग आडवं सरकायला जागाच नाही. साखळीतला सगळ्यात पुढचा फट शोधणार आणि बाकीचे त्याच्याच वाटेनं मागून जाणार! पॉलिमर असे सरपटत पुढे जातात, हे फ्रान्सच्या पिएर-जिल द जेन यांनी १९७१ साली मांडलं. १९९१ मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं.

आता खरी गंमत ऐका! नुसत्या पाण्यात वीज लावली, तर लांब आणि आखूड डीएनए जवळजवळ एकाच वेगानं पळतात. कोण लांब, कोण आखूड, कळतच नाही! अडथळे आले, की लांब साखळ्या जास्त रखडतात, आखूड पुढे सटकतात. झाली की वेगवेगळी रांग! म्हणून प्रयोगशाळेत डीएनएला मुद्दाम जेलीतून पळवतात. तिच्या आत बारीक जाळंच जाळं असतं. आणि ती बनते कशापासून, माहितेय? समुद्रातल्या शेवाळापासून!

घरी करून बघा. एक गुळगुळीत साखळी आडव्या पेन्सिलीवर टाका. दोन्ही बाजू सारख्या ठेवल्या, तर ती तशीच राहील. आता एक बाजू थोडी थोडी लांब करत जा. साखळी कधी सुटते, ते तुम्हीच मोजा!