नेमबाज आणि त्याच्या पाठीमागे उभा असलेला माणूस

1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्निल कुसाळे ह्या मराठी तरुणाने रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळविले. 1952 साली हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कुस्तीत जे पदक आणले, त्यानंतर महाराष्ट्राच्या वाट्याला आलेले हे पहिलेच वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मध्ये 72 वर्षे गेली. स्वप्निल राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा, शिक्षकाचा मुलगा, आणि तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. त्याच्याविषयी वृत्तपत्रांनी पुष्कळ लिहिले. आज मी बोलणार आहे ते त्याच्या पाठीमागे उभ्या असलेल्या दीपाली देशपांडे ह्यांच्याविषयी. एक खेळाडू शिक्षक कसा होतो, आणि त्या शिक्षकाचे काम आपल्या डोळ्यांना दिसत का नाही, हा माझा आजचा विषय आहे.

प्रथम खेळ समजून घेऊ. स्वप्निलच्या प्रकाराला तीन स्थितींची रायफल म्हणतात. निशाण पन्नास मीटरांवर. प्रथम गुडघा टेकून, मग पालथे पडून, शेवटी उभे राहून गोळ्या मारायच्या. प्राथमिक फेरीत प्रत्येक स्थितीत वीस, म्हणजे एकंदर साठ. मधल्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा 10.4 मिलिमीटर. आपल्या करंगळीचे टोक त्यावर ठेवले तर ते झाकून जाईल. ते पन्नास मीटरांवरून साधायचे! बंदूक हातात स्थिर राहत नाही, कारण हात शरीराला जोडलेला, आणि शरीरात हृदय धडधडत असते. म्हणून नेमबाज श्वास अर्धा सोडून थांबतो आणि दोन ठोक्यांमधल्या शांततेत घोडा दाबतो.

युरोपातील बर्फाळ देशांत ह्याचाच एक भाऊबंद खेळ आहे, बायथलॉन. त्यात बर्फावरून पट्ट्यांवर घसरत मैलोगणती धावायचे आणि धाप लागलेली असतानाच पन्नास मीटरांवरची पाच निशाणे पाडायची. चुकलेल्या गोळीला 150 मीटरांचा जादा फेरा, किंवा काही शर्यतींत एक मिनिटाचा दंड. 1960 पासून हा खेळ हिवाळी ऑलिंपिकमध्ये आहे. पूर्व जर्मनीचा फ्रांक उलरिख हा 1980 साली लेक प्लॅसिडला त्यात सुवर्णपदक जिंकला आणि पुढे जर्मन संघाचा प्रशिक्षक झाला. तिकडे असे पुष्कळ सापडतात. खेळणे संपले की शिकवणे सुरू होते, आणि त्या शिकवण्याला समाज नोकरीचा दर्जा देतो. जुना कारागीर कारखान्यातच राहतो म्हणा ना!

आता आपल्याकडे पाहा. मुंबईत संजय चक्रवर्ती नावाचे एक प्रशिक्षक होते. 2021 साली कोरोनाने ते गेले. त्यांच्या हाताखाली मुंबईच्या मुलींची एक पिढी तयार झाली. अंजली भागवत 2000 साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचल्या. सुमा शिरूर 2004 साली अथेन्सच्या अंतिम फेरीत पोहोचल्या. आणि दीपाली देशपांडे ह्याही त्याच अथेन्सला तीन स्थितींच्या रायफलमध्ये भारताकडून उतरल्या. त्यांना पदक मिळाले नाही. आपल्या हिशेबाच्या वहीत पदकाचाच रकाना असतो. त्यामुळे कित्येकांच्या लेखी ती गोष्ट तेथेच संपली.

परंतु ती तेथे संपली नाही. दीपालीताई शिकवू लागल्या. भारताच्या रायफल नेमबाजांच्या प्रशिक्षक म्हणून त्यांनी अनेक वर्षे काम केले. अंजुम मौदगिल ह्या गुणी नेमबाजाला त्यांचे मार्गदर्शन लाभले. सुमा शिरूरही शिकवू लागल्या, आणि टोकियोच्या पॅरालिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणारी अवनी लेखरा ही त्यांची शिष्या. म्हणजे एका गुरूच्या हाताखालून निघालेल्या दोघींनी पुढची पिढी घडविली. विद्या अशीच चालते, मित्रहो. ती पुस्तकात फार थोडी उतरते. उरलेली सगळी हातातून हातात जाते.

तुम्ही विचाराल, प्रशिक्षक नेमके करतो तरी काय? गोळी तर नेमबाजच मारतो. मी आयुष्य कामगारांत काढले आहे, म्हणून माझ्या ओळखीचे उदाहरण देतो. एका कारखान्यात लेथवर एक म्हातारे मिस्त्री होते. शिकाऊ पोरगा काम करीत असला की ते त्याच्या हाताकडे पाहत नसत; खांद्याकडे पाहत. खांदा वर चढला की म्हणत, ‘थांब, आता काम बिघडेल.’ ते निवृत्त झाले तेव्हा व्यवस्थापनाने त्यांची जागा भरली नाही, कारण कागदावर त्यांच्या नावे काही उत्पादनच नव्हते! सहा महिन्यांत रद्द मालाचा ढीग वाढला, तेव्हा त्या खांद्याकडे पाहण्याची किंमत कळली.

नेमबाजीच्या प्रशिक्षकाचे काम असेच आहे. गुडघ्यावर बसलेल्या नेमबाजाचे वजन कोठे पडते, बंदुकीचा दस्ता खांद्यात कसा बसतो, वारा फिरला की तो घाई करतो का, एक गोळी वाईट गेल्यावर त्याचा श्वास कसा चालतो, हे सारे तो पाहतो. ज्याने स्वतः ऑलिंपिकच्या रेषेवर उभे राहून ती छातीची धडधड सोसली आहे, त्याला हे लवकर दिसते. मात्र एवढ्याने भागत नाही. चांगला खेळाडू स्वतःचे शरीर जाणतो. चांगल्या प्रशिक्षकाला दुसऱ्याचे शरीर आणि दुसऱ्याचे भय जाणावे लागते. ही निराळी विद्या आहे, आणि ती पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागते.

स्वप्निलचीच वाट पाहा. 2009 साली तो शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला. 2015 साली रेल्वेत लागला. 2022 साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत चौथा आला. 2023 साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्ण मिळाले खरे, पण वैयक्तिक सामन्यात आघाडीवर असताना एक गोळी बिघडली आणि तो पुन्हा चौथा आला. चौथा क्रमांक माणसाला आतून पोखरतो. त्या दिवसांत ज्यांनी त्याला धीर देऊन उभे ठेवले, त्यांच्यात दीपालीताई होत्या. तो त्यांना दुसऱ्या आईच्या जागी मानतो. पॅरिसच्या अंतिम सामन्यात गुडघ्यावरच्या डावात तो मागे होता. पालथ्या डावात सावरला, आणि उभ्याने मारण्याच्या सर्वांत अवघड डावात वर चढत 451.4 गुणांवर तिसरा आला. पुढे 2024 सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांच्या एकाच यादीत शिष्याला अर्जुन पुरस्कार आणि गुरूला द्रोणाचार्य पुरस्कार लाभला. अथेन्सपासून वीस वर्षांनी!

ह्यातून दोन गोष्टी घेण्याजोग्या आहेत. पहिली पोटाची. स्वप्निलला क्रीडा प्रबोधिनीने आसरा दिला आणि रेल्वेने पगार दिला, म्हणून शिक्षकाचा मुलगा ह्या महागड्या खेळात टिकला. ही दोन्ही सार्वजनिक पैशाची कामे आहेत. खेळाडूंसाठी राखलेल्या नोकऱ्या म्हणजे उधळपट्टी, असे म्हणणाऱ्यांनी कांबळवाडीचा हा हिशेब मांडून पाहावा.

दुसरी गोष्ट शिकविणाऱ्याची. मी तारोडीत राहतो. आमच्या डोंगरी-उत्तन पट्ट्यातली पोरे काटक आहेत. लहानपणापासून होडीवर तोल सांभाळणाऱ्या पोराला उभे राहायला निराळे शिकवावे लागत नाही. पण त्याला नेमबाजी शिकायची झाली, तर आधी बसने भाईंदर स्थानक गाठायचे, मग लोकलने मुंबई. एवढे करूनही पुढे उभा असलेला प्रशिक्षक अकरा महिन्यांच्या करारावर असेल, तर पुढच्या वर्षी तो तेथे भेटेल ह्याची खात्री कोणी द्यावी? एक नेमबाज घडायला दहा-पंधरा वर्षे लागतात. अकरा महिन्यांच्या माणसाकडून पंधरा वर्षांचे काम होत नसते.

आपण पदकविजेत्याची मिरवणूक काढतो, आणि ती काढावीच. परंतु तुमच्या मुलाच्या शाळेत, गावच्या तालमीत, महापालिकेच्या मैदानावर जो माणूस मुलांना शिकवितो, त्याला महिन्याला किती मिळते आणि ते वेळेवर मिळते का, एवढे उद्या सकाळी जाऊन विचारा. उत्तर समाधानकारक नसेल, तर चारजण मिळून पुन्हा विचारा. संघटना म्हणतात ती ह्याहून फार निराळी नसते.